दमट ऊन आणि ओला गारठा : गोव्यात उष्माघात आणि हायपोथर्मिया ओळखायचा कसा, पहिल्या अर्ध्या तासात करायचं काय

गोव्यात पारा क्वचितच चाळिशीला टेकतो. विदर्भातल्या नातेवाइकांशी बोलताना आपण सहज म्हणून जातो, ‘आमच्याकडे काय, समुद्र आहे, वारा असतो.’ या समजुतीनेच आपला घात होतो. घाम आला म्हणून अंग थंड होत नाही, तो सुकला तरच होतं. मार्च ते मे या महिन्यांत आपल्या हवेत आधीच इतकं बाष्प असतं की घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. अंगातलं पाणी आणि मीठ जातं, उष्णता मात्र आतच राहते. 32 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता असेल तर शरीरावर जवळजवळ 41 अंशांइतका ताण येतो. त्यामुळेच हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा निकष मैदानी भागासाठी 40 अंश ठेवला असला, तरी किनारपट्टीसाठी तो 37 अंशांवर ठेवला आहे (शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंशांची वाढ हवी). मार्च 2023 मध्ये गोव्यात असा इशारा आला तेव्हा शाळा दुपारी बाराच्या आत सोडल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात, 16 एप्रिलला, नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानात तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी डझनभराहून जास्त माणसं दगावली. तिथला पाराही चाळिशीच्या खालीच होता आणि तिथली हवाही आपल्यासारखीच किनाऱ्यावरची, दमट होती.

थंडीचंही तसंच. गोव्यात बर्फ पडत नाही म्हणून गारठ्याने माणूस मरत नाही, असं आपण धरून चालतो. पण आपल्याकडचा गारठा थंडीच्या महिन्यांत कमी आणि पाण्यातून जास्त येतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. आधी उन्हाचं बघू.

सगळ्यात आधी हे बघा : माणूस ताळ्यावर आहे का?

अंग किती तापलंय हे कपाळावर हात ठेवून कळत नाही. काखेतला किंवा तोंडातला थर्मामीटर आणि कपाळासमोर धरायचं ते ‘गन’सारखं यंत्र यांवर अशा वेळी विसंबू नका. आत 41 असताना ती 38 दाखवू शकतात. खरं तापमान गुदद्वारातून मोजतात आणि ती सोय रस्त्यावर नसते. म्हणून वागणं बघा. नाव विचारा. आत्ता आपण कुठे आहोत, आज वार कोणता, हे विचारा. उत्तर उशिरा आलं, भलतंच आलं, माणूस उगाच चिडला, झोकांड्या खायला लागला, बरळायला लागला, तर तो साधा थकवा नाही. उष्णता मेंदूपर्यंत पोचली आहे आणि आता घड्याळ सुरू झालं आहे.

त्वचेवरून अंदाज बांधू नका. ‘उष्माघातात अंग कोरडं पडतं’ हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पंख्याविना बंद खोलीत पडून राहिलेल्या वृद्धाच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरं असतं. पण काम करता करता, नाचता-धावता ज्याला उष्माघात होतो तो घामाने निथळत असू शकतो. गोव्याच्या दमट हवेत तर ओल्या अंगाचाच उष्माघात जास्त बघायला मिळेल. ‘घाम येतोय ना, मग काळजी नाही’ हे वाक्य मला फार धोक्याचं वाटतं.

एक प्रसंग सांगते. सत्तरी तालुक्यात काजूच्या हंगामात सासू-सून भाटात (काजूच्या बागेत) बोंडू (काजूची फळं) गोळा करत होत्या. बोंडू टोपलीत, बिया बादलीत, अशी रोजची पद्धत. सासूबाई बिया टोपलीत टाकायला लागल्या. सून म्हणाली, “आई, बिया बादलीत टाका.” त्यावर त्या फटकन म्हणाल्या, “मला शिकवतेस?” आणि परत टोपलीतच टाकल्या. चोळी घामाने चिंब होती. सुनेने विचारलं, “आई, आपण कुणाच्या भाटात आहोत?” उत्तरात त्यांनी आपल्या माहेरच्या घराण्याचं नाव घेतलं. सुनेने पुढे काही विचारलं नाही. हाक मारून दोघांना बोलावलं आणि खालच्या व्हाळात (ओढ्यात), जिथे अजून गुडघाभर पाणी होतं, तिथे सासूबाईंना मानेपर्यंत निजवलं. डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. त्यांच्यातला एक 108 ला फोन करायला रेंज शोधत वर पळाला. रुग्णवाहिका येईपर्यंत सासूबाई ‘माझं लुगडं कुणी भिजवलं?’ म्हणून रागावत होत्या. ते ऐकून सगळ्यांच्या जिवात जीव आला. सुनेने ताप मोजला नव्हता, बियांच्या गोंधळावरून ओळखलं होतं.

हलका त्रास : पेटके, भोवळ, थकवा

मीठागरात, बांधकामावर, शेतात काम करताना पोटऱ्यांत, पोटात, हातांत गोळे येतात. मीठ आणि पाणी दोन्ही गेल्याची ती खूण आहे. काम थांबवायचं, सावलीत बसायचं, आखडलेला स्नायू हळूहळू ताणायचा आणि मीठ-साखरेचं पाणी घ्यायचं. लगेच उठून परत कामाला लागलं तर गोळा पुन्हा येतो. तासाभरात थांबला नाही किंवा हृदयरोग असेल, तर डॉक्टरकडे जा.

उन्हात बराच वेळ उभं राहून घेरी येणं हा वेगळा प्रकार. सकाळच्या प्रार्थनेत मुलं पडतात, जत्रेच्या रांगेत माणसं पडतात. पाय उंच करून सावलीत आडवं केलं की दोन-चार मिनिटांत शुद्ध येते आणि माणूस ताळ्यावर असतो. नसेल तर थेट खालच्या उष्माघाताच्या भागाकडे जा.

मधली पायरी म्हणजे उन्हाने आलेला थकवा. खूप घाम, डोकेदुखी, मळमळ किंवा उलटी, फिकट चेहरा, जलद नाडी, पाय लटपटणं. माणूस नीट बोलतो, फक्त गळून गेलेला असतो. त्याला सावलीत किंवा एसीत न्या, आडवं करा, पाय वीतभर उंच ठेवा, घट्ट कपडे सैल करा, बूट-मोजे काढा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला. घोट घोट करून पाजा. अर्ध्या तासात बरं वाटायला हवं. नाही वाटलं, उलट्या थांबल्या नाहीत किंवा बोलण्यात फरक पडला, तर 108.

पाजायचं काय? औषधाच्या दुकानातली जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची ओआरएसची पुडी सगळ्यात चांगली. पुडीवर लिहिलं असेल तितक्याच पाण्यात (बहुतेक एक लिटर) मिसळा. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगोशिग भरू नका, मीठ जास्त झालं तर अपाय होतो. कागदी खोक्यातल्या गोड पेयांना ओआरएस समजू नका. त्यांत साखर भरमसाठ आणि मीठ नावापुरतं असतं. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरू नये असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2025 मध्ये बजावलं ते याचसाठी. आपल्या घरातल्या गोष्टींत उकड्या तांदळाची मीठ घातलेली पेज उत्तम. पाणी, मीठ आणि पिष्ट तिन्ही एका वाटीत मिळतं, आणि आजारी माणसाला ती उतरतेही. ताक, मीठ घातलेलं कोकम सरबत चालेल. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर पण मीठ कमी, तेव्हा चिमूटभर मीठ घाला. मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला मात्र शहाळं देऊ नका. निरो (बोंडूंचा ताजा रस) गोड आहे, मीठ नाही. तहान भागवेल, गेलेलं मीठ भरून काढणार नाही.

दिवसभर घाम गाळून लिटरमागून लिटर साधं पाणीच पीत राहिल्यानेही रक्तातलं मीठ उतरतं आणि डोकं दुखतं, उलट्या होतात, माणूस गोंधळतो. गोंधळलेल्या माणसाच्या तोंडात कुठलंच पाणी ओतू नये याचं हेही एक कारण.

उष्माघात : आधी गार करा, मग हलवा

वागणं बिघडलं, आकडी आली किंवा शुद्ध हरपली आणि माणूस उन्हात, उकाड्यात वा कष्टाच्या कामात होता, तर उष्माघातच धरून चाला. शरीराचं आतलं तापमान 40 च्या वर गेलेलं असतं आणि जितका वेळ ते वर राहतं तितके मेंदू, यकृत, मूत्रपिंड जळत जातात. अर्ध्या तासात ते खाली आणलं तर बहुतेक माणसं वाचतात. अमेरिकेतल्या फॉल्मथ शर्यतीत 18 वर्षांत उष्माघात झालेल्या 274 धावपटूंना जागच्या जागी बर्फाच्या पाण्यात बसवलं गेलं. त्यातला एकही दगावला नाही. त्यांना गाडीत घालून आधी इस्पितळात नेलं असतं तर हा आकडा असा राहिला नसता. म्हणून क्रम लक्षात ठेवा:

1. एकाने 108 फिरवायचा (112 ही चालतो), बाकीच्यांनी काम सुरू करायचं. फोन लागण्याची वाट बघत हात बांधून उभं राहू नका.
2. उन्हातून सावलीत न्या. शक्य तितके कपडे काढा. लाजेपायी साडी-शर्ट तसाच ठेवून वेळ घालवू नका, वरून ओला पंचा टाका.
3. श्वास आहे का बघा. नसेल तर छातीदाब सुरू करा: छातीच्या मधोमध, मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. श्वास असेल तर गार करायला लागा.
4. मिळेल त्या मार्गाने मानेपर्यंत थंड पाण्यात ठेवा. टब, पिंप, मुलांचा प्लास्टिकचा तलाव, व्हाळ, तळं, काहीही. एकजण कायम डोकं आणि हनुवटी पाण्याबाहेर धरून राहील.
5. पाण्यात ठेवणं जमत नसेल तर पाइपने किंवा बादलीने सतत पाणी ओता आणि पंखा, सूप, पुठ्ठा, जे असेल त्याने जोरात वारा घाला. मानेला, काखेत, जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ लावा.
6. हुडहुडी भरेपर्यंत किंवा नीट, सुसंगत बोलायला लागेपर्यंत थांबू नका. बर्फाच्या पाण्यात असेल तर साधारण 10 ते 15 मिनिटं लागतात, साध्या पाण्यात जास्त.
7. त्यानंतर पुसून, हवेशीर जागी कुशीवर निजवा आणि इस्पितळात पाठवा. गाडीतही एसी आणि ओला पंचा चालू ठेवा.

चौथ्या पायरीवर जरा थांबते, कारण माणसं इथेच अडतात. ‘आमच्याकडे टब कुठे?’ पण ताडपत्री आपल्याकडे घरोघर असते, पावसाळ्याआधी तर नवीनच आणलेली असते. ती जमिनीवर पसरा, माणसाला मधोमध निजवा, चौघांनी चार बाजूंनी कडा गुडघ्यापर्यंत उचलून धरा. झाली डोणी. आता त्यात पाणी आणि बर्फ ओता आणि कडा आळीपाळीने थोड्या वर-खाली करत पाणी अंगावर खेळवत राहा. अंगाला चिकटलेलं पाणी लगेच कोमट होतं. ते हललं नाही तर फायदा निम्मा होतो. बर्फ लागतो म्हणून घाबरू नका. गोव्यात मासळी बाजार, जेटी, नाक्यावरचं बार, आइसक्रीमची गाडी, लग्नाचा हॉल, कुठेतरी बर्फ असतोच. गावातल्या जत्रेच्या किंवा शिगम्याच्या समितीने मिरवणुकीच्या वाटेवर एक ताडपत्री, चार पिंपं पाणी आणि दोन खोकी बर्फ तयार ठेवावा, असं मी कळकळीने सांगेन. रोमटामेळ (शिगम्याची ढोलांची मिरवणूक) दुपारी उशिरा निघतो खरा, पण ढोल गळ्यात घेऊन डांबरी रस्त्यावर तासन्‌तास नाचणाऱ्यांना रस्त्याची धगही लागते.

पाणी कुठलं घेता तेही बघा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी एप्रिलच्या दुपारी हाताला चटका देतं. पाइप लावण्याआधी पहिलं पाणी हातावर घेऊन बघा. विहीर असेल तर विहिरीचंच घ्या.

अंथरुणाला खिळलेले वृद्ध, अगदी लहान मूल किंवा हृदयरोगी यांना बर्फाच्या पाण्यात बुडवण्यापेक्षा ओली चादर, पंखा आणि काखेत-जांघेत बर्फ हा मार्ग धरा. पण चादर एकदा ओली करून टाकून देऊ नका. ती तापते आणि मग उलट गोधडीसारखी उष्णता कोंडते. दर दोन मिनिटांनी पाणी ओतत राहा.

हे करू नका

पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन देऊ नका. ताप आणि उष्माघात यांत तापमान वाढण्याची यंत्रणा वेगळी असते. गोळीने ते उतरत नाही, उलट आधीच ताणात असलेल्या यकृताला आणि रक्त गोठण्याला इजा होते. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी, सरबत, ग्लुकोज काहीही घालू नका, ते फुप्फुसात जातं. आकडी आली तर चमचा दाताखाली घालू नका, आजूबाजूच्या टणक वस्तू हटवा, कुशीवर वळवा आणि गार करणं चालू ठेवा. कांद्याचा रस तळपायाला चोळल्याने अपाय नाही, पण तेवढा वेळ जातो, आणि इथे वेळच औषध आहे.

माणूस शुद्धीवर आला, ‘मला बरं वाटतंय, घरी जातो’ म्हणाला, तरी इस्पितळात न्याच. यकृत-मूत्रपिंडांची इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. लघवी चहाच्या काढ्यासारखी काळसर झाली तर स्नायू तुटून मूत्रपिंडात अडकत आहेत असं समजा. गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय), म्हापशाचं किंवा मडगावचं जिल्हा इस्पितळ, जे जवळ असेल तिथे जा.

‘प्यायलाय’ म्हणून सोडून देऊ नका

गोव्यात हे वेगळं लिहावं लागतं. मार्च-एप्रिल हुर्राकचे (काजूच्या हलक्या दारूचे) दिवस. किनाऱ्यावर, झाडाखाली, बारच्या बाहेर कुणी बरळत पडलेला दिसला की आपण ‘जास्त झालेली दिसते’ म्हणून पुढे जातो. दारूने लघवी वाढते, अंगातलं पाणी उतरतं, ऊन लागतंय याचं भान जातं. म्हणजे पिणाऱ्याला उष्माघाताचा धोका जास्तच. शिवाय उष्माघात, साखर उतरणं, पक्षाघात आणि नशा बाहेरून एकसारखेच दिसू शकतात. अंग तापलेलं असेल तर गार करा. मधुमेही असल्याचं कळलं आणि गिळता येत असेल तर साखर द्या. तोंड वाकडं किंवा एक हात लुळा असेल तर 108 ला तसं सांगा. दारू प्यायला आहे की नाही हा प्रश्न सगळ्यात शेवटी.

कुणाकडे जास्त लक्ष ठेवायचं

लघवीच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या (बीटा ब्लॉकर), मानसिक आजाराची काही औषधं, सर्दीवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, या सगळ्यांमुळे घाम किंवा रक्ताभिसरण कमी होतं. गोळ्या मनाने बंद करू नका, उन्हाळ्याआधी डॉक्टरांशी बोला. नुकताच ताप किंवा जुलाब झालेला माणूस, गरोदर बाई, एकटे राहणारे आजी-आजोबा यांच्याकडे दुपारी एकदा डोकावा. शिरगावच्या लईराईच्या जत्रेला जाणाऱ्या धोंडांच्या (व्रत धरणाऱ्या भक्तांच्या) घरच्यांनी व्रताचे नियम सांभाळूनही पाणी आणि मीठ पोटात जाईल एवढं बघावं. वैशाखातली गर्दी, उपास आणि जागरण एकत्र आलेलं असतं.

बाहेरून आलेल्या मजुरांचं तर फार बिकट. पत्र्याच्या खोलीत रात्रीही उकाडा उतरत नाही, त्यामुळे शरीराला विसावाच मिळत नाही. शरीराला नव्या उकाड्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. नवा माणूस कामावर घेतलात तर पहिल्या दिवशी उन्हातलं काम पाचव्या हिश्शाइतकंच द्या आणि रोज थोडं वाढवा. माडावर चढणाऱ्या पाडेल्याला भर दुपारी बोलावू नका. जमिनीवर आलेली भोवळ आणि माडावर आलेली भोवळ यांत फार फरक आहे.

आणि गाडी. बंद गाडीतलं तापमान 10 मिनिटांत जवळपास 10 अंशांनी चढतं. काच दोन बोटं खाली ठेवून काही होत नाही. झोपलेलं बाळ ‘एक मिनिटात येते’ म्हणून गाडीत ठेवू नका. दुसऱ्याच्या गाडीत मूल दिसलं आणि ते प्रतिसाद देत नसेल, तर काच फोडा.

आपला गारठा पाण्यातून येतो

शरीराचं आतलं तापमान 35 च्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बर्फ लागत नाही. पाणी हवेपेक्षा साधारण 25 पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. गोव्याचा समुद्र कोमट वाटतो, तरी तो आपल्या अंगापेक्षा थंडच असतो. होडी उलटून तासन्‌तास पाण्यात राहिलेला माणूस आतून गार होत जातो. 31 जुलैला मासेमारीबंदी उठते आणि खवळलेला समुद्र तेव्हा शांत झालेला नसतो, हे किनाऱ्यावरच्या घरांना सांगायला नको. त्याशिवाय पावसात सह्याद्रीच्या धबधब्यांवर वाट चुकलेली पोरं, भिजलेल्या कपड्यांत दुचाकीवर घाटातून आलेली माणसं, पावसात रात्रभर बाहेर पडलेला दारुडा, गळक्या घरात ओल्या गादीवर निजलेली आजी. ओल आणि वारा एकत्र आला की वीस-बावीस अंशही पुरतात.

ओळखायची रीत इथेही वागण्याचीच. सुरुवातीला जोरात हुडहुडी भरते, दात वाजतात, बोटं वळत नाहीत, बटण लावता येत नाही. मग बोलणं जड होतं, चालताना अडखळणं सुरू होतं, माणूस ‘मला इथेच निजू द्या’ म्हणतो. आणि मग हुडहुडी थांबते. याला बरं झाल्याची खूण समजू नका. साधारण 32 अंशांच्या खाली शरीर कापणंच सोडून देतं. याच टप्प्यावर काही माणसं अंगावरचे कपडे काढून टाकतात, कारण त्यांना गरम होतंय असं वाटतं.

मदत करताना हात हलका ठेवा. गार पडलेलं हृदय नाजूक असतं. धसमुसळेपणाने उचललं, उभं केलं, चालवलं तर ते बंद पडू शकतं. पाण्यातून काढताना शक्य तर आडवंच काढा. वाऱ्यापासून आडोसा करा. जमिनीतूनही गारठा चढतो, म्हणून आधी खाली काहीतरी जाड घाला: चटई, पोती, लाइफ जॅकेट. ओले कपडे कापून काढा, अंग टिपा (घासू नका), कोरडं कापड गुंडाळा, डोकं आणि मान झाका, सगळ्यावरून प्लास्टिक किंवा ताडपत्री ओढा म्हणजे वारा आत जाणार नाही. उन्हाळ्यात जिने गार केलं तीच ताडपत्री इथे ऊब धरते. छाती आणि काखांना कपड्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या लावा. उघड्या त्वचेला नको, भाजेल. दुसरं कुणी कोरडं असेल तर पांघरुणात जवळ निजावं.

नीट शुद्धीत आहे आणि गिळता येतंय, तर गोड चहा, गरम पेज द्या. फेणी देऊ नका. दारूने त्वचेकडच्या रक्तवाहिन्या फुलतात, क्षणभर ऊब वाटते आणि आतली शिल्लक उष्णता बाहेर जाते. हातपाय चोळू नका, शेकोटीजवळ हात धरू नका, कढत पाण्याने आंघोळ घालू नका. हातापायांतलं गार रक्त एकदम हृदयाकडे आलं तर घात होतो. आधी धड ऊबदार करायचं, हातपाय आपोआप येतात.

अंग बर्फासारखं गार, हालचाल नाही, नाडी लागत नाही, म्हणून ‘गेला’ असं ठरवू नका. गारठलेल्या माणसाचा श्वास फार मंद असतो. तो पूर्ण एक मिनिट बघा. नसेल तर छातीदाब सुरू करा. बुडालेल्याला आधी पाच श्वास तोंडावाटे द्या, मग 30 दाबांमागे 2 श्वास, आणि इस्पितळात ऊब येऊन डॉक्टर सांगेपर्यंत सोडू नका.

होडीवर जाणाऱ्यांनी आपसांत बोलून ठेवावं : पाण्यात पडलो तर पोहत सुटायचं नाही, हातपाय मारल्याने उष्णता वेगाने जाते. लाइफ जॅकेट असेल तर गुडघे छातीशी घेऊन, हात काखांत दाबून तरंगायचं. दोघे-तिघे असतील तर एकमेकांना बिलगायचं. किनारा अगदी हाताशी असेल तरच पोहायचं.

नवजात बाळ आणि बर्फातले प्रवासी

नवजात बाळाला एसीच्या खोलीतही हायपोथर्मिया होतो. बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, तळपाय आणि पोटही गार लागू लागलं, तर एसी बंद करा, बाळाला टोपी घाला, उघड्या अंगाने आईच्या उघड्या छातीवर घ्या आणि दोघांवर पांघरूण घाला. तसंच घेऊन डॉक्टरकडे जा.

मनाली, गुलमर्ग, केदारनाथला जाणारे आणि थंड समुद्रात फिरणारे आपले तारवटी (जहाजांवरचे खलाशी) यांनी हिमदंशाचं एवढं लक्षात ठेवावं: बोट, नाक, कान पांढरं-मेणचट, बधिर झालं तर अंगठ्या आधी काढा, कारण सूज आल्यावर निघत नाहीत. बर्फाने किंवा हाताने चोळू नका, फोड फोडू नका. परत गोठण्याची शक्यता असेल तर वितळवू नका, कोरडं गुंडाळून तसंच न्या. पक्क्या निवाऱ्यात पोचल्यावर 37 ते 39 अंशांच्या, म्हणजे कोपराला सुखद लागेल अशा पाण्यात ते बुडवा आणि लाली येईपर्यंत, साधारण अर्धा तास, पाणी तेवढंच ऊबदार ठेवा. वेदना भयंकर होतात. त्यासाठी डॉक्टर लागतात.

108 ला काय सांगायचं

फोनवर घाईत ‘लवकर या’ एवढंच बोललं जातं. हे या क्रमाने सांगा : गाव, वाडा आणि ओळखीची खूण (देऊळ, चॅपेल, पंचायत, बसथांबा), ऊन लागलंय की पाण्यातून काढलंय, वय, ताळ्यावर आहे की बरळतोय की शुद्धच नाही, श्वास चालू आहे का, किती वाजल्यापासून, कुठल्या गोळ्या चालू आहेत. ‘आम्ही गार करतोय’ किंवा ‘ऊब देतोय’ हेही सांगा. वाडीत गाडी पोचत नसेल तर तसं आधीच बोला. काही भागांत 108 च्या दुचाकीही आहेत. एकाला मुख्य रस्त्यावर उभं करा, हातात बॅटरी देऊन. रुग्णवाहिकेतल्या माणसाला गार करायला सुरुवात केव्हा केली ती वेळ सांगा, आणि जमलं तर ती रुग्णाच्या हातावर पेनाने लिहून ठेवा.